पुलाच्या पाटीचे चार नट

ते चार नट मी अजून विसरलेलो नाही. चंद्रपुरातल्या नदीवर कोळशाच्या गाड्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला पूल होता. रूळ केव्हाच निघाले होते. पूल पाडायचा की ठेवायचा, याची पाहणी आठवड्यावर आली होती. तो किती जुना, हे सांगणारी बिडाची एकच पाटी होती. तीच चोरीला गेल्याची फिर्याद आली.

खबऱ्याने भंगारवाल्याचे नाव दिले. त्याला ठाण्यात बसवले.

"साहेब, सारं शहर वळखते ते पाटी. मी घेईन? मले पागल कुत्रा चावला का?"

दुकानाच्या झडतीत काही मिळाले नाही. मी पुन्हा पुलावर गेलो. पंचनाम्यात आम्ही 'पाटी गायब' एवढेच लिहिले होते. आता नीट पाहिले. चारही बोल्ट जागेवर होते, त्यांना ताजे तेल होते आणि नट परत घट्ट आवळलेले होते. चोराला एवढी सवड नसते.

पुलाशेजारच्या वस्तीत एक निवृत्त गँगमन राहत होता. उभे आयुष्य रूळ सांभाळण्यात गेलेले. त्याच्या ओसरीवर बसलो.

"बाबा, नट काऊन लावले?"

"सवय हाये साहेब. बोल्ट उघडा टाकून गँगमन घरी येत नाई."

"आणि पाटी?"

"पूल पाडून राह्यले म्हणे. पाटी भंगारात गेली असती. माह्या आज्याच्या बापानं त्या खांबाचे दगड वाहले. त्याचं नाव कुठी नाई, पाटी तेवढी हाये."

"बाबा, पूल जुना असल्याचा पुरावाच ती आहे. ती तुमच्या घरात राहिली, तर पूल नक्की पडेल."

तो उठला. पलंगाखालून घोंगडीत गुंडाळलेली पाटी ओढली. "अन् त्या भंगारवाल्याले पयले सोडा."

भंगारवाल्याला त्याच दुपारी सोडले. पाटी मुद्देमालात जमा झाली, तिचे फोटो पाहणीच्या आधी अधिकाऱ्यांकडे पोचले. पूल पायी जाण्यासाठी राहिला. न्यायालयाच्या परवानगीने फिर्याद आपसात मिटली.

मुद्देमाल सुटल्यावर पाटी म्हाताऱ्यानेच बसवली. शेवटच्या नटाला पाना लावून म्हणाला, "साहेब, एक फेरा तुमी द्या. पंच पायजे ना!"

त्यानंतर प्रत्येक घटनास्थळी, काय गेले याच्या आधी काय मागे राहिले, ते मी वहीत लिहीत आलो.