रोज बदलणारी फुलं

अडकलेल्या पेन्शनची तक्रार घेऊन मी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात गेले होते. बाकावर वाट पाहत बसले असताना एक शिपाई फुलदाणीतले टवटवीत गुलाब काढून नवे ठेवताना दिसला.

"साहेब आलेत का?" मी विचारलं.

"नाही बाई, चार दिवस दौऱ्यावर आहेत. पण फुलं रोज बदलावी लागतात."

मी उठले आणि या फुलांवर वर्षाला किती खर्च होतो, असं विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज खिडकीवर लिहून दिला.

कारकून हसला. "तुम्हाला काय करायचंय?"

"साबणाची वडी घेतानाही मी कर भरते. यातलं एखादं फूल माझंही आहे."

घरात भाजीचा हिशेब विचारताना आपण कचरत नाही. मग मोठ्या दारापाशीच आवाज खाली का जातो? शाळेत जन्मभर मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं. त्या दिवशी माझा आवाज खाली गेला नाही.

महिन्याभरानं उत्तर आलं, 'फुलांच्या खर्चाची वेगळी नोंद ठेवली जात नाही.' मी चष्मा पुसला आणि तिथल्या तिथे अपील लिहायला बसले.