स्पीकरच्या मागचे वाबळे सर

वाबळे सर स्टेजवर चढले की आधी स्पीकरची सावली शोधायचे. आम्ही बाकीचे वायरी सोडवत असायचो, कोणी माइक ठोकून बघत असायचं, आणि सर मात्र मोकळ्या लॉनवर चार ठिकाणी उभे राहून स्टेजकडे बघून यायचे. इथून दिसतो का, तिथून दिसतो का. मग डावीकडच्या मोठ्या खोक्यामागे जाऊन टोपी भुवयांपर्यंत ओढायची, संध्याकाळीही काळा चष्मा चढवायचा आणि बेस गिटार गळ्यात अडकवायची. व्हिडिओवाल्याला ते हात जोडून सांगायचे, "दादा, माझ्यावर नका मारू कॅमेरा. नवरा-नवरीला दाखवा."

"सर, थोडं पुढं या की," असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मास्तर, बेस म्हणजे पाया. पाया दिसतो का कधी? दिसला म्हणजे समजायचं, घर खचलं." मी कीबोर्डवर बसतो आणि बँड माझा, म्हणून मी मास्तर. खरे मास्तर ते होते. राहुरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि शाळेत कुणालाही माहीत नव्हतं की सर लग्नसराईत हळदी वाजवतात.

आमचा बँड म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. हळद, साखरपुडा, डोहाळजेवण, कुणाचा तरी साठावा वाढदिवस. दिवसा माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान असतं, ड्रम वाजवणारा गॅरेजमध्ये असतो. माझे आजोबा सनई वाजवायचे, वडील क्लॅरोनेट. आमच्या घरात वाजवणं हे पोट होतं, त्यात लपवण्यासारखं काही असतं हे मला सरांच्यामुळे कळलं. सरांचं घर गोदावरीकाठचं, बागायती, दारात दोन ट्रॅक्टर. पुण्याला कॉलेजात असताना होस्टेलच्या सोबत्याची गिटार त्यांच्या हातात आली आणि ती सुटलीच नाही. सुट्टीत ती गावी नेली तेव्हा त्यांचे वडील म्हणाले होते, "आपल्यात वाजवून घेत्यात, वाजवीत न्हाईत." सरांनी हे मला एकदा हसत हसत सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. मी हसतच राहिलो, दुसरं काय करणार.

जेवणाचंही तसंच. कार्यक्रमात बँडवाले शेवटी जेवतात, केटररची माणसं भांडी गोळा करायला लागली की. आम्हाला त्याची सवय आहे. सर मात्र घरून डबा आणायचे आणि टेम्पोत बसून खायचे. "मला बाहेरचं सोसत नाही हो," म्हणायचे. पण एकदा त्यांच्या शाळेची सहल माझ्या दुकानासमोर थांबली तेव्हा रस्त्यावरची भेळ खाताना मी त्यांना पाहिलं होतं. बाहेरचं सोसत होतं, आमच्या पंगतीत बसणं सोसत नव्हतं. मला याचा राग यायला हवा होता. राग कधी आला नाही, नुसती लाज वाटायची. आपल्या अंगावरच काहीतरी फाटलेलं असावं आणि समोरचा सज्जनपणे दुसरीकडे बघत असावा, तशी.

आणि तरी हा माणूस मला जिवापाड आवडायचा, कारण तो वाजवायचा तसा कुणी वाजवत नाही. नवरीची आजी नाचायला आली की आमचा ड्रमर वैतागायचा, कारण आजी कुठल्याच ठेक्यात नसायची. सर स्पीकरमागून वाकून आजीच्या पायांकडे बघायचे आणि तिच्या पावलाला सूर द्यायचे. दोन ओळींत सगळा बँड आजीच्या चालीला यायचा आणि लोकांना वाटायचं, काय नाचते म्हातारी. "आजी चुकत नसते, मास्तर," सर म्हणायचे. "आपणच घाईत असतो." त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे असायचं ते बघायला मिळावं म्हणून मी कीबोर्ड मुद्दाम डावीकडे तिरका लावायचो.

सरांना एकच मुलगी, ऋतुजा. तिला कोपरगावकडच्या दौलतरावांच्या मुलासाठी बघून गेले. मोठं घर, नावाजलेलं. मुलामुलीची पसंती झाली होती, फक्त त्या घरच्या होकाराचा निरोप यायचा होता. त्या दिवसांत सरांचं चित्त कशातच नव्हतं. कुठलीही सुपारी आली की फोनवर आधी विचारायचे, "लग्न कुणाकडचं? मामा कुठले? कोपरगावकडचं कुणी नाही ना?" मी म्हणायचो, सर, तुम्ही चोरी थोडीच करताय. ते म्हणायचे, "तुम्हाला नाही कळायचं ते. लोक पोरीच्या घराचं कुळशील बघतात. बाप हळदीत वाजवतो म्हटल्यावर काय राहिलं?" तुम्हाला नाही कळायचं, असं ते मला म्हणत होते. मला जेवढं कळायचं तेवढं दुसऱ्या कुणाला कळलं असतं असं वाटत नाही.

राहुरीजवळच्या एका लॉनवर हळद होती. मुलीकडचे श्रीरामपूरचे, मामा नेवाशाचे, सगळं विचारून झालं होतं. सर निर्धास्त आले. पण आमच्याकडच्या लग्नात पाहुणे नात्यानं येतात तेवढेच ओळखीनंही येतात, आणि ओळख जिल्हाभर असते. दुसरं गाणं चालू असताना सरांचा सूर एकदम थांबला. बेस वाजताना तो कुणाला ऐकू येत नाही, थांबला की मात्र खुर्चीचा पाय निघाल्यासारखं होतं. मी वळून पाहिलं. सर खोक्याला चिकटून उभे होते. "मास्तर, पहिल्या रांगेत. पिवळा फेटा. दौलतराव."

तरी निभावलं असतं. पण आमच्याकडे कार्यक्रमात आलेल्या प्रत्येक बऱ्या माणसाचं नाव माइकवरून पुकारायची पद्धत आहे. नाव राहिलं तर माणूस रुसतो, म्हणून ज्याला जो दिसेल त्याचं नाव तो सूत्रसंचालकाच्या कानात घालतो. सरांच्या गावच्या कुणीतरी त्यांना गेटवर गाडी लावताना पाहिलं होतं. त्यानं चांगल्या मनानंच नाव दिलं. गाणं संपलं आणि माइकवरून आवाज आला, "आपल्या भागातले आदर्श शिक्षक वाबळे सर यांचं आगमन झालेलं आहे. सरांनी सत्कारासाठी मंचावर यावं, अशी विनंती करतो."

सर मंचावरच होते. माझ्यापासून दोन हातांवर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गिटार काढून खोक्यामागच्या सतरंजीवर ठेवली, टोपी आणि चष्मा खिशात घातला, मागच्या शिडीनं उतरले, आचाऱ्यांच्या कढयांमधून वळसा घालून मांडवाच्या तोंडाशी गेले आणि सगळ्या लोकांमधून नमस्कार करत करत समोरून पुन्हा स्टेजवर आले. यजमानांनी शाल-नारळ दिला. दौलतरावांचाही सत्कार होता, ते शेजारीच उभे होते. त्यांनी आमच्याकडे मान करून विचारलं, "सर, ही मंडळी लई ग्वाड वाजवत्यात. तुमच्या वळखीची हायेत का?"

"नाही बुवा," सर म्हणाले. "कुठली आहेत काय माहीत." आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण सभ्य माणूस, बोलून गेल्यावर नुसतं कसं वळणार. त्यांनी माझ्यासमोर येऊन हात जोडले आणि म्हणाले, "छान वाजवता हो तुम्ही." मीही उठून हात जोडले. ड्रमर खाली वाकून उगाच पेडल बघत बसला. उरलेला कार्यक्रम सर पहिल्या रांगेत दौलतरावांशेजारी शाल पांघरून बसले होते, आणि मी कीबोर्डवरच डाव्या हातानं बेसचे सूर धरत होतो. माझे कान इतके तापले होते की मला माझंच वाजवणं नीट ऐकू येत नव्हतं.

गिटार मी घरी आणली. सर न्यायला आले नाहीत. फोन आला, "ऋतुजाचं लग्न होईपर्यंत राहू द्या तुमच्याकडं." त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नाही. होकार आला, तारीख निघाली. मग एके दिवशी सर स्वतः दुकानात आले, हळदकुंकू लावलेली पत्रिका दिली आणि म्हणाले, "वहिनींना घेऊन या. पाहुणे म्हणून या मास्तर, वाजवायला नाही." त्यांचे डोळे काउंटरवरच्या फुटक्या मोबाईलवर होते.

आम्ही गेलो. अक्षता पडल्या आणि मी बाकीच्या लोकांबरोबर ताट घ्यायला रांगेकडे निघालो, तर सरांनी माझा हात धरला. हात धरूनच त्यांनी मला व्याह्यांच्या पंगतीत नेलं, जिथं पाट-रांगोळी होती, आणि दौलतरावांच्या शेजारी बसवलं. माझ्या घरातलं कुणी अशा पंगतीत बसलेलं नव्हतं. सर जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत आले. आमच्यासमोर थांबले. कपाळावर घाम होता.

"दौलतराव, एक सांगायचं राहिलं होतं. हे आमचे मास्तर. मी यांच्या बँडमध्ये बेस वाजवतो. पुष्कळ वर्षं झाली."

दौलतराव भात कालवत होते. ते कालवत राहिले. "ठावं हाय की, सर," ते म्हणाले. "पोरीनं बघायच्या दिवशीच सांगितलं हुतं. आमच्या मंडळींनी इचारलं, घरी कोन काय करतं, तर म्हनली, पप्पा शिकवत्यात आन् बेस लई भारी वाजवत्यात. आमच्या मंडळींनी तिथंच पसंत केली तिला. त्या हळदीला तर आमी तुमालाच ऐकाया आल्तो."

सरांच्या हातातलं ताट कलतं झालं. "मग त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत..."

"तुमी सांगाल म्हून इचारलं. तुमी न्हाई म्हनलात. मग म्हनलं, ऱ्हाऊ द्या, त्यांची मर्जी."

त्यात टोमणा नव्हता. असता तर सोसायला सोपं गेलं असतं. सरांनी माझ्या पानात एक जिलबी वाढली, मग आणखी एक, मग आणखी एक. मी नको म्हटलं नाही आणि वरही पाहिलं नाही. आमच्या दोघांमध्ये त्या वेळी जास्त कोण शरमलं होतं हे मला सांगता येणार नाही. पाकानं भात भिजला आणि मी तो तसाच संपवला.

त्यानंतर सर वाजवायला आले नाहीत. मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा विचारलंच, "सर, अजून लाज वाटते का वाजवायची?" ते म्हणाले, "वाजवायची नाही, मास्तर. तुमच्या शेजारी उभं राहायची वाटते. तुम्ही तेव्हा उठून हात जोडलेत ना, ते डोळ्यांपुढून जात नाही." मी म्हणालो, अहो सर, विसरा ते. पण मीच विसरलो नव्हतो, आणि गणिताच्या मास्तराला हे कळत नसेल असं कसं म्हणू.

मागच्या महिन्यात दौलतरावांनी सुपारी दिली. ऋतुजाचं डोहाळजेवण. "सरांना ह्या खेपंला स्पीकरच्या म्होरं उभं करा," ते फोनवर म्हणाले. मी सरांना निरोप दिला. ते म्हणाले, "बघतो." मी गिटारला नव्या तारा चढवल्या, सूर लावला, आणि स्पीकरच्या पुढे, उजेडात, ती स्टँडवर उभी करून ठेवली. सर पाहुण्यांत आले होते. शेवटच्या रांगेत मांडवाच्या खांबाआड बसले होते, मला टोपी तेवढी दिसत होती.

पहिलं गाणं झालं तशी फुलांच्या मुकुटातली ऋतुजा पाळण्यावरून उठून स्टेजपाशी आली. तिनं गिटारकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं. "काका, पप्पा कुठंयत?"

मी खांबाकडे पाहिलं. टोपी आणखी खाली गेली.

"आलेले नाहीत गं अजून," मी म्हणालो, आणि डाव्या हातानं बेसचा पहिला सूर धरला.