सासूचे अश्रू

मी सध्या पाहतोय त्या ऑस्ट्रेलियन मालिकेत एकाच घरातलं भांडण दर भागात वेगळ्या माणसाच्या नजरेतून दिसतं. पहिल्या भागात सासू स्वयंपाकघरात रडताना दिसली आणि मी शेजारच्या साठ्यांना ठणकावलं, "सून दुष्ट आहे!" ते दुसरा भाग पाहून बसलेले. "तुम्हाला माणसंच कळत नाहीत," म्हणाले आणि आमचं बोलणंच बंद झालं.

काल मीही दुसरा भाग पाहिला. तेच स्वयंपाकघर, तेच अश्रू; पण सुनेच्या जागेवरून पाहिलं तर सासू चक्क कांदा चिरत होती! अशी किती माणसं मी पहिल्या भागावरच निकालात काढली असतील? धावत जाऊन साठ्यांची बेल वाजवली.

"या, या! तिसरा भाग पाहिला. तुमचंच बरोबर, सूनच दुष्ट!"

"छे हो, बिचारी सून!" मी ओरडलो.

साठे आत वळून बायकोला म्हणाले, "अगं, चहा टाक. हे भांडायला आलेत."