होडी डोक्यावर, कॅरवॅन मागे

“हाय काय अन् नाय काय!” असं म्हणून शेजारच्या वहिनींनी जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, की आमच्या गल्लीतली शहाणी माणसं हळूच आपापल्या घरात शिरायची. मी मात्र हमखास सापडायचे. माझं कामाचं टेबल रस्त्याकडच्या खिडकीला, आणि इथल्या डच रिवाजाप्रमाणे खिडकीला पडदा नाही. मग काचेवर टकटक व्हायची. “ए पुणेकरीण, मीटिंग संपली का? जरा हात लाव की.”

हा ‘जरा हात’ लावायचा असायचा मासेमारीच्या होडीला. तीन-चार माणसं आरामात बसतील अशी होडी. ती उचलून पिकअपच्या टपावर चढवायची, मागे कॅरवॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडायची, आणि मग वहिनी आणि दादा सुट्टीला निघायचे. त्यांना हात हलवून निरोप देईपर्यंत माझी कंबर कामातून गेलेली असायची. गेल्या वर्षी ती दोघं झीलंड या समुद्राकडच्या प्रांतात, पाण्याच्या काठी राहायला गेली. त्यांच्या घरात आता एक नवीन जोडपं आलंय. सभ्य माणसं आहेत, पण त्यांच्याकडे उचलण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे बोलणं होत नाही.

आम्ही न्यूनेन या डच गावात राहायला आलो तेव्हा शेजारच्या दारावरचं तोरण बघून मला हायसं वाटलं होतं. वहिनी मूळच्या कागलकडच्या. वडील साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, मालवणचे, आइंडहोवेनला एका कंपनीत इंजिनिअर. मुलगी ग्रोनिंगनला शिकायला. दादा दिवसभरात जेवढे शब्द बोलायचे तेवढे वहिनी दाराचं कुलूप काढता काढता बोलायच्या. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं ‘मी जातो, मी करतो’ असंच त्या बोलायच्या, आणि इतकी वर्षं परदेशात काढूनही त्यात काडीचा फरक पडला नव्हता. डच बोलतानाही हेल कागलचाच. गंमत म्हणजे समोरच्याला ते कळायचं.

होडी दादांची. मालवणच्या माणसाला शनिवार-रविवारी पाणी दिसलं नाही तर सोमवारी त्याचं तोंड बघवत नाही, असं वहिनींचं म्हणणं. कॅरवॅन वहिनींची. तंबूत झोपायला त्यांनी साफ नकार दिला होता. “मी काय ऊसतोडीला आलोय व्हय, पालात झोपायला? मला चार भिंती पायजेत. चाकावर असल्या तरी चालतील.” स्वतः त्या होडीत कधीच बसायच्या नाहीत. विहिरीत डोकावलं तरी त्यांना गरगरायचं. दादा पाण्यात, वहिनी काठावर खुर्ची टाकून मटार सोलत. दादा मासे पकडून इथल्या पद्धतीप्रमाणे बरेचसे परत सोडून द्यायचे, त्यावरून तर दर वेळी वाजायचं. “पकडायचं अन् सोडायचं? मग गेला कशाला? हाक मारून बघून यायचं की!”

सुरुवातीला होडीला स्वतःची दोन चाकांची ट्रॉली होती. कॅरवॅनलाही चाकं. पिकअप एकच. आता दोन्ही न्यायचं कसं, हा प्रश्न तुम्हाला-मला पडला असता. वहिनींना पडला नाही. गळिताच्या दिवसांत कोल्हापूरकडचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एक ट्रॅक्टर, त्यामागे उसानं लादलेली एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी, आणि वर दणदणीत स्पीकर. वहिनींच्या डोळ्यांपुढे तेच चित्र. एका शनिवारी त्यांनी पिकअप, पिकअपमागे कॅरवॅन, कॅरवॅनमागे होडीची ट्रॉली अशी आगगाडी जोडली, चाकापुढे नारळ फोडला आणि दादांना म्हणाल्या, “चला, बसा.”

तेवढ्यात समोरच्या घरातले आजोबा घरातल्या चपलांवर धावत आले. निवृत्त शाळामास्तर. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर दिसला तरी दार वाजवायचे, म्हणून वहिनींनी त्यांचं नाव ‘पाटील’ ठेवलं होतं. पाटील दोन्ही हात पसरून पिकअपपुढे उभे राहिले. “माख नीत! माख नीत!” म्हणजे परवानगी नाही, चालणार नाही. इथे राहायला आलं की हेच दोन शब्द सगळ्यात आधी पाठ होतात.

“का चालणार नाही?” वहिनी कमरेवर हात ठेवून डचमध्ये म्हणाल्या. “आमच्याकडं पोरंसोरं ओढतात दोन-दोन.”

पाटलांनी मोबाइलवर नियम काढून दाखवला. गाडीच्या मागे एकच काय ते ओढायचं. वहिनींनी तो शेवटपर्यंत वाचला, नारळाच्या भकलांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “फुकट गेला की गं नारळ.” मग त्याच नारळाच्या वड्या केल्या आणि पहिली बशी पाटलांकडे पाठवली. त्या दिवसापासून पाटील आमच्यातले झाले, म्हणजे होडी उचलायला त्यांनाही बोलावणं जाऊ लागलं.

कारण होडी आता डोक्यावर गेली होती. दादांनी पिकअपवर लोखंडी चौकट बसवून घेतली. त्यावर होडी पालथी घालायची, नाक पुढे, शेपूट मागे. शेपूट फार मागे आलं तर वळताना कॅरवॅनच्या कपाळाला लागणार. नाक फार पुढे गेलं तर दादांना सिग्नल दिसणार नाही. त्यामुळे “थोडी पुढं, थोडी मागं, आता परत पुढं” असं तासभर चालायचं. चार कोपऱ्यांना मी, माझा नवरा, दादा आणि पाटील. वहिनी लांब उभ्या राहून हुकूम सोडायच्या. होडी बसली की दादा चपटे पट्टे आवळायचे, आणि त्यावर वहिनी कागलहून आणलेला दोर वडिलांनी शिकवलेली गाठ मारून बांधायच्या. “पट्टे सरकारसाठी, दोर माझ्यासाठी.” सगळं झाल्यावर दादा खाली बघत सांगायचे, की गाडीची किल्ली बहुतेक होडीतल्या डब्यात राहिली.

असे चार-पाच उन्हाळे मजेत गेले. मग दादांच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा आजार. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं पुसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. दादांनी तक्रार केली नाही, कोणावर चिडले नाहीत. गॅरेजमध्ये होडीशेजारी स्टूल टाकून नुसते बसायचे. मला तर त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्या बसण्याचीच जास्त काळजी वाटायची. एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुला ते ऑनलाइन विकायचं जमतं ना? होडी, कॅरवॅन, पिकअप, सगळं एकदम टाक. उन्हाळ्याच्या आत जाऊ दे. घरात ठेवून बघत बसवत नाही.”

मी तडक वहिनींकडे गेले. त्या चपात्या लाटत होत्या. ऐकून त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं.

“टाकलीस जाहिरात?”

“अजून नाही.”

“मग टाकू नको. त्या होडीबिगर हा माणूस खुर्चीत बसून वाळून जाईल गं. मी चालवतो.”

आता, वहिनींचं गाडी चालवणं म्हणजे सुपरमार्केट आणि परत. एवढी मोठी कॅरवॅन ओढायची तर इथे वेगळं लायसन्स लागतं, त्याची वेगळी परीक्षा, आणि परीक्षेत ते सगळं लटांबर उलटं मागे घेऊन दाखवायचं. मी म्हटलं, “वहिनी, झेपेल का?” “हाय काय अन् नाय काय,” त्या म्हणाल्या खऱ्या, पण बाह्या काही वर सारल्या नाहीत.

शिकवणी लावली होतीच, पण वहिनींना सराव हवा होता. गावाबाहेर ज्या शेतकऱ्याकडून आम्ही भाजीसाठी शतावरीचे कोंब घ्यायचो त्याचं मोठं आवार रविवारी मोकळं असायचं. खासगी जागा, त्यामुळे तिथे कोणी अडवणार नव्हतं. पाटलांकडे कॅरवॅन ओढायचं जुनं लायसन्स होतं, ते पिकअप आणि कॅरवॅन तिथवर आणून द्यायचे आणि वहिनी स्टिअरिंगवर बसायच्या. मागे काही जोडलेलं असलं की सगळा उलटा कारभार. कॅरवॅन डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. पहिल्या रविवारी वहिनींनी बरीच खोकी, एक बादली आणि शेतकऱ्याची सायकल आडवी केली. पुढच्या रविवारी शेतकऱ्यानं सायकल गोठ्यात नेऊन ठेवली.

असे तीन-चार रविवार गेले आणि एकदा वहिनी गाडीतून उतरल्या त्या थेट कॅरवॅनच्या पायरीवर जाऊन बसल्या. “बघणं येगळं हुतं गं,” त्या म्हणाल्या. “बापाच्या शेजारी बसून वाटायचं, ट्रॉल्या आपसूक मागनं येतात. मला जमणार नाही बघ. त्यांची होडी माझ्यापायी जाणार.” आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. पाटलांना मराठी येत नाही. त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतून कप पुढे केला आणि म्हणाले, “आणखी एकदा.”

वहिनींनी नाक पुसलं, कॉफी प्यायल्या, परत चढल्या. त्या दिवशी पाचव्या की सहाव्या खेपेला कॅरवॅन सुतासारखी सरळ मागे गेली. वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “कळलं मला! हे सासूशी बोलण्यागत हाय! डावीकडं न्यायचं असंल तर तोंड उजवीकडं करायचं!” मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा पाटील इतके हसले, की त्यांना खोक्यावर बसावं लागलं.

घोडामैदान जवळ आलं. परीक्षेत मागे घेणं झकास झालं, आणि वहिनी नापास झाल्या. हॉर्नपायी. ड्रायव्हरची लेक! प्रत्येक वळणाला हॉर्न, मागे घेताना हॉर्न, सायकलवाल्यानं वाट दिली म्हणून आभाराचाही हॉर्न. इथे उगाच हॉर्न वाजवणं म्हणजे तोंडावर शिवी दिल्यासारखं. परीक्षक बाईंनी शेवटी विचारलं म्हणे, “तुम्ही नक्की कोणाला हाक मारताय?” मी त्यांना आणायला गेले होते, हे सांगताना वहिनी घरापर्यंत हसत होत्या. दारात दादा उभे होते. “राहू दे गं,” ते म्हणाले. “पुष्कळ केलंस. विकून टाकू.”

“राहू दे म्हणायला तुमचं काय जातंय?” वहिनी एकदम भडकल्या. “मी रोज ते स्टूल बघतो. मला नाही बघवत.” आणि आत जाऊन त्यांनी धाडकन भांडी आपटली. दादांनी त्याच दिवशी ते स्टूल गॅरेजमधून हलवलं.

दुसऱ्या परीक्षेला वहिनींनी हॉर्नला हात लावला नाही आणि पास झाल्या. आनंदानं त्या गाड्यांच्या तळावरच ओरडल्या, “नाद खुळा!” परीक्षक बाई दचकल्या आणि मग त्यांनीही हात मिळवला.

पहिल्या फेरीला आम्ही दोघं आमच्या गाडीतून त्यांच्या मागे होतो, न जाणो काही लागलं तर. तुम्ही ते पाहायला हवं होतं. पुढे पिकअप, टपावर पालथी होडी, मागे डुलणारी कॅरवॅन. बाजूनं मोठाले ट्रक जात होते आणि वहिनी आपल्या लेनमध्ये, ना इकडे ना तिकडे. झीलंडला पोचून वहिनींनी कॅम्पिंगच्या मैदानात कॅरवॅन एका दमात दोन झाडांमध्ये बसवली, तेव्हा शेजारच्या तंबूतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चौघांनी होडी उतरवून उतारावरून पाण्यात सोडली. दादा चढले, मोटरवर हात ठेवून बसले, आणि बसूनच राहिले.

आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. खोल पाण्यात जायची वाट पाण्यावर तरंगणाऱ्या लाल-हिरव्या बोयांच्या खुणांमधून जाते, आणि दादांना बोये दिसत नव्हते.

“मी इथंच काठाशी बसतो जरा,” दादा म्हणाले. “पाण्यात बसलो, पुष्कळ झालं.”

माझा नवरा बूट काढायला वाकला, तोवर वहिनींनी लाइफ जॅकेट अंगात चढवलंही होतं. त्यांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली, डोळे गच्च मिटले आणि पाय आत टाकला. होडी हलली. “आई गं!” एवढंच ऐकू आलं. दादांनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मोटर सुरू झाली. होडी हळूहळू काठापासून सुटली, आणि वहिनींचे डोळे उघडले असावेत, कारण आवाज सुरू झाला. पाण्यावरून आवाज छान येतो. “डाव्या हाताला हिरवा बोया. त्याच्यावर काळा पक्षी बसलाय, पंख वाळत घातल्यात त्यानं. जरा उजवीकडं घ्या. बास. म्होरं एक शिडाची बोट हाय. त्यात लाल टोपीवाली बाई नवऱ्याला रागवायला लागलीया. त्यानं दोर सोडला वाटतं. आता दोघं मिळून हुडकायलेत…”

काठावर गळ टाकून बसलेला एक माणूस वैतागून उभा राहिला आणि ओठांवर बोट ठेवून जोरात “शूऽऽ!” म्हणाला. मासेमारीच्या जागी बोलत नाहीत. मासे पळतात.

वहिनी गप्प झाल्या. नुसती मोटर ऐकू येत राहिली, आणि मग तीही बंद झाली. मग दादांचा आवाज आला. एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“थांबलीस का? मासे जाऊ देत. तू बोल की.”