दर्ग्याच्या जाळीची दहा टोकं

आमच्या पाणीपुरवठा ऑफिसाचा टँकर मागे घेताना दर्ग्याच्या खिडकीची दगडी जाळी फुटली आणि गाव भडकलं. जळकोटकडचं ते गाव. त्या दुष्काळात दर्ग्याच्या अंगणातली विहीर तेवढी टिकून होती. तिथं भरलेल्या टँकरवर चार वाड्या पाणी पीत होत्या. लोकांनी फाटकातच सांगितलं, "जाळी बसल्याबिगर टँकर आत न्हाई."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. ऑफिसात टेबलं कमी, माणसं त्याहून कमी. मी ट्रेसर होते, म्हणजे इंजिनिअरचं ड्रॉइंग शाईनं पारदर्शक कापडावर उतरवणारी. डेप्युटी इंजिनिअर म्हणाले, "सुनंदाबाई, ड्रॉइंगला दुसरं कुणी नाही. तुम्हीच जा."

शेजारची खिडकी शाबूत होती. तिच्या जाळीत मधोमध आठ टोकांचा तारा. मी तोच धरून पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा नमुना कापून नेला. पाथरवट शिवलिंगप्पा उदगीरहून आले होते. त्यांनी फुटलेले तुकडे पुठ्ठ्यावर मांडायला घेतले. पहिला बसला. तिसऱ्याला दोन बोटांचा फरक पडला.

"बाई, ह्ये जमंना झालंय," ते म्हणाले. "एवढ्या मापाची एकच शिळा हाय माझ्यापाशी. छिन्नी लागली की मागं फिरता येत न्हाई."

दर्ग्याची व्यवस्था बघणारे करीमचाचा शेजारीच उभे होते. मी विचारलं, "चाचा, तारे को कितने कोने थे?"

"पचास साल से देखतौं, बेटी. गिना कभी नईं."

बाहेर बायका रिकाम्या घागरी घेऊन फाटकाकडं बघत होत्या. मी तुकडे एकेक करून परत हातात घेतले. एकात ताऱ्याच्या दोन टोकांमधलं पाच बाजूंचं एक भोक पूर्ण शाबूत होतं. कोनमापक लावला. एकशे आठ. पाचही कोपरे एकशे आठ अंशांचे!

माझ्या ताऱ्याच्या दोन टोकांमधली खाच काटकोनाची होती. हे भोक तिथं बसणारच नव्हतं. त्याला एकशे आठची खाच हवी. मी कागदावर नऊ टोकं करून पाहिली, मग दहा. वर्तुळावर दहा खुणा, प्रत्येक खूण तिच्यापुढच्या तिसऱ्या खुणेला जोडलेली. दोन टोकांमधली खाच बरोबर एकशे आठ आली.

मोठ्या वर्तुळावर कोनमापकाची बारीक चूकही वाढत जाते. म्हणून फरशीवर खिळा आणि दोरीनं वर्तुळ काढलं आणि त्यावर डिव्हायडर, म्हणजे दोन अणकुचीदार टोकांचा कंपास, पावलापावलानं चालवला. दहावं पाऊल पहिल्या खुणेच्या पुढं गेलं. अंतर किंचित कमी केलं. आता मागं राहिलं. सहाव्या फेरीला टोक नेमकं खुणेवर टेकलं.

शिवलिंगप्पांनी नव्या रेषांवर तुकडे मांडले. सगळे बसले. ते नुसतं "हाव" म्हणाले आणि छिन्नीला धार लावायला उठले.

बाराव्या दिवशी जाळी बसली. करीमचाचांनी फाटक स्वतः उघडलं, आणि टँकर मागे घेण्याआधी ड्रायव्हरला उतरवून मागं काय आहे ते बघायला लावलं.

साहेबांनी ड्रॉइंग फाइलला लावलं. कोपऱ्यात मी एक टीप लिहिली होती: 'माप मूळ तुकड्यावरून घेतले आहे.' नंतरच्या नोकरीत दुरुस्तीच्या ज्या ज्या ड्रॉइंगवर ही टीप खरेपणानं लिहिता आली नाही, त्यावर मी सही केली नाही.