डाव्या कोपऱ्यावरचा आवाज

ट्रॅक्टर पुढे पळवण्याला मी शर्यत मानत नाही. सरळ रस्त्यावर ॲक्सिलेटर दाबायला काय अक्कल लागते? खरी शर्यत रिव्हर्सची. मागे ट्रॉली जोडायची, चुन्याच्या दोन रेघांमधून ती उलटी न्यायची, वळणावरची एकही झेंडी पाडायची नाही आणि कमीत कमी वेळात टोक गाठायचं. स्टेअरिंग एकीकडे फिरवलं की ट्रॉली दुसरीकडे जाते. तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

आमच्या लातूरजवळच्या मुरुडकडच्या जत्रांमध्ये नियम साधा होता. शेतात राबतो तोच ट्रॅक्टर आणायचा, इंजिनात चाळे करायचे नाहीत. मैदान मुरमाचं असावं, असं माझं ठाम मत आहे. काळ्या रानात ट्रॉली कुठे अडेल याचा भरवसा नसतो, आणि सैल खडीवर तर ती घसरतेच. देगलूरकडचा एक ड्रायव्हर यायचा, ट्रॅक्टरशी तेलुगूत बोलायचा. हात सफाईचा, पण वळणावर उतावळा. बिलोलीची पोरं यायची, त्यांचं अर्धं लक्ष मोबाईलकडे. आणि आमचा दादा. भाऊ आहे म्हणून म्हणत नाही, पण त्याच्यासारखी ट्रॉली वळवणारा मी पाहिला नाही.

त्यात निम्मी करामत आमच्या वडिलांची, आबांची होती. ड्रायव्हर उजव्या खांद्यावरून मागे बघतो, त्यामुळे ट्रॉलीच्या कडेच्या उंच फाळक्यांआड डावा कोपरा त्याला दिसतच नाही. म्हणून प्रत्येकाला तिथे आपला एक माणूस उभा करायची मुभा असे. बाकीच्यांची माणसं "येऊ दे, येऊ दे" करून गळा फाडायची. आमचे आबा गप्प उभे राहायचे. ते गप्प आहेत म्हणजे जागा आहे. जागा संपली की एकच शब्द, "बस." दादाचा पाय त्याच क्षणी ब्रेकवर. शेतात, अंगणात, सोयाबीनची पोती उतरवताना, दादा लहानपणापासून याच रीतीनं शिकला होता.

त्या वर्षी जत्रेत मैदानालगत डीजे लावला होता. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची हौस. छातीत धडधडेल इतका आवाज, आणि त्यात मैदानाला सैल खडी. आबा आयोजकांकडे गेले. मी सोबत होतो.

"गाणं तेवढं बंद करा. पोराला माझा आवाज जात न्हाई."

"आबा, पब्लिक गाण्यालाच यायलीय," त्यातला एक हसून म्हणाला.

दादा ट्रॅक्टरवरून वाकून म्हणाला, "आबा, आज राहू द्यायचं का?"

"कशाला? मी जरा जवळ उभा राहतो."

आबा रेघेच्या आत उभे राहिले, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर, आणि तिच्यासोबत मागे सरकू लागले. मी समोरच्या बाजूला होतो. शेवटच्या वळणावर ट्रॉली खडीवरून घसरली. आबांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आवाज आला नाही. दादा मागे येतच राहिला.

लोक धावले, पण गाणं संपेपर्यंत कुणी बंद केलं नाही. त्या गाण्याचा मला आजही संताप येतो. आबा लातूरला पोहोचायच्या आधीच गेले.

दहाव्याला आलेली माणसं म्हणाली, हौस नडली. काही हळूच म्हणाली, ड्रायव्हरला कळायला नको का. ज्याचं जळतं त्याला कळतं. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर शर्यत झाली, डीजेसकट. मी गेलो नाही. माझी शर्यतींविषयीची सगळी मतं आता नुसती मतं राहिली आहेत.

दादा ट्रॅक्टर चालवतो, पण रिव्हर्स टाकत नाही. लांबून वळसा घालून येतो. परवा सोयाबीन भरून आणलं, आभाळ दाटलेलं, आणि ट्रॉली शेडमध्ये उलटी घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी डाव्या कोपऱ्यावर उभा राहिलो. दादानं गिअर टाकला, वीतभर मागे आला, ब्रेक दाबला. पुन्हा वीतभर, पुन्हा ब्रेक. मी म्हणालो, "लई जागा हाय, ये." तो येईना. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं.

"तू समोर होतास. आबा वरडले होते का रे?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला ठाऊक होतं. उत्तरही ठरवून ठेवलं होतं, खोटं, त्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून.

"न्हाई," मी म्हणालो. "गपच होते."

 तो खाली उतरला, फाळका उघडला आणि पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं.

"आबा गप असते," तो म्हणाला, "तर जागा असती."