सालींचे पूल

संत्र्याच्या सालीचा वास आला की पांढुर्ण्याच्या अंगणातलं कोचीन आठवतं. मामा तिकडे नोकरीला होते. सुट्टीत आलेली मामी आम्हा पोरांना घरबसल्या ते शहर फिरवायची. एका दुपारी तिने परातीत पाणी घेतलं, संत्र्याच्या साली पालथ्या घालून पूल केले, काठाशी बिया मांडल्या. “हे हॉटेलं. इथं केळीच्या पानावर भात, तिथं खोबऱ्याच्या तेलातली मासोळी.” मग परात हळूच कलती केली. “समुद्राले भरती आली का पुलाखालचं पाणी मागं वाह्यते.” आजोबा खो खो हसले. “आपली जाम नदी कधी उलटी वाह्यली काय वो?” मामीने सासऱ्यांपुढे पदर सावरून परात पुन्हा कलती केली. “पाहा ना मामाजी, वाहून राहिली.” परवा कोचीनच्या पुलावर उभा होतो. पाणी मागे फिरलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “आजोबा, वाहून राहिली ना!”